‘मदरबोर्ड गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं? तापकीर गल्लीतलं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान

पुण्यात लॅपटॉप दुरुस्त करणारी दुकानं पैशाला पासरी आहेत. काउंटरवर मशीन ठेवायचं, समोरचा बटण दाबून बघतो, पंख्याचा आवाज येतोय का ते ऐकतो आणि म्हणतो, “मॅडम, मदरबोर्ड गेला.” या वाक्याची मला मनस्वी चीड आहे. मदरबोर्ड म्हणजे लॅपटॉपचा मुख्य सर्किटबोर्ड, त्यावर हजाराच्या वर सुटे भाग असतात. त्यातला कुठला गेला आणि बाकीचे शाबूत आहेत का, हे सांगितलं तर त्याला निदान म्हणायचं. ज्या दुकानाबद्दल लिहितेय तिथं असं निदान होतं, तेही आपल्या डोळ्यांसमोर, आणि पैशांचं बोलणं त्यानंतर.

दुकानाच्या पाटीवर नाव नाही. ‘लॅपटॉप रिपेअरिंग – चिप लेव्हल’ एवढंच पिवळ्या अक्षरांत आहे, म्हणजे अख्खा बोर्ड न बदलता त्यावरचा बिघडलेला भाग दुरुस्त करणारे. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंना वायरी, एलईडीच्या माळा, स्विचबोर्ड, स्पीकर यांची दुकानं लागतात. त्यातल्याच एका जुन्या इमारतीत लाकडी जिना चढून पहिल्या मजल्यावर ही खोली आहे. आत दोन टेबलं, एक मायक्रोस्कोप, गरम हवेचं सोल्डरिंग मशीन, आणि भिंतीला टेकवलेले मेलेल्या लॅपटॉपचे बोर्ड, कंपनीप्रमाणे लावून ठेवलेले. मालक पन्नाशीचे आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांच्याबरोबर एक मुलगी काम करते, आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड केलेली. बारीक काम सगळं तीच करते.

मी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची पानं लावते. गणपती उठले की आमच्या धंद्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. लेख उशिरा येतात, जाहिराती त्याहून उशिरा आणि प्रेसची तारीख मात्र हलत नाही. अशाच एका संध्याकाळी अंकाची पीडीएफ काढत असताना लॅपटॉप एकदम बंद पडला. आधी हळू चालत नव्हता, तापत नव्हता, कसला इशारा नव्हता. बटण दाबलं तर काही नाही. चार्जिंगचा दिवाही नाही. चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, भिंतीवरचं सॉकेट बदलून पाहिलं, शेजाऱ्यांचा त्याच पिनेचा चार्जर आणून लावला, तरी ढिम्म. पोटात गोळा आला. अंकाची निम्मी पानं त्यात होती.

दुसऱ्या दिवशी आधी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेले. नाव लिहीत नाही. मशीन आत नेलं, थोड्या वेळानं बाहेर आणलं आणि छापील कागद पुढे केला: मदरबोर्ड बदलावा लागेल, ३१ हजार रुपये, वर जीएसटी, डेटाची जबाबदारी आमची नाही, इथे सही करा. बोर्डावर काय बिघडलंय असं विचारलं तर म्हणाले, “आम्ही बोर्ड रिपेअर करत नाही, फक्त बदलतो.” हे त्यांचं धोरण आहे हे मान्य. पण सहा वर्षं वापरलेल्या मशीनला ३१ हजार घालायचे की नवीन घ्यायचं, हे ठरवायला बिघाड काय आहे ते कळायला नको? मी सही केली नाही. ओळखीच्या एका प्रिंटरनं या दुकानाचा पत्ता दिला.

दादांनी मशीन हातात घेण्याआधी प्रश्न विचारले, आणि तिथेच मला या दुकानाचा भरवसा वाटायला लागला. पहिला प्रश्न: “ताई, बंद पडला तेव्हा स्क्रीन काळी झाली, की सगळंच गेलं? पंखा, दिवे, सगळं?” सगळंच, म्हटलं. दुसरा: “चार्जरच्या विटेवर दिवा आहे ना? पिन लॅपटॉपमध्ये घातली की तो चालू राहतो की विझतो?” मी घरी हे बघितलं होतं. पिन घातली की दिवा विझायचा, आणि चार्जर भिंतीतून काढून थोड्या वेळानं परत लावला की पुन्हा लागायचा.

“मग बोर्डावर शॉर्ट आहे,” दादा म्हणाले. “जॅकच्या आसपास नाही तर मेन लाइनवर. चार्जर स्वतःला वाचवतोय, म्हणून बंद होतोय. चार्जर चांगला आहे.”

तिसरा प्रश्न मला अपेक्षित नव्हता: “बिटलॉकरची की आहे का?” विंडोजवाल्या बऱ्याच मशीनमध्ये डिस्क बिटलॉकरनं आपोआप एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद झालेली असते आणि तिचं कुलूप मदरबोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षेच्या चिपशी बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काही हाती लागत नाही. माझी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात होती, तिथेच फोनवर उघडून दाखवली. सेवा केंद्रातल्या कुणीही हा शब्द काढला नव्हता, आणि बोर्ड तर ते बदलणार होते! वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगते, मशीन चालू आहे तोवर आजच आपल्या खात्यात जाऊन ती की आहे का ते बघा आणि कागदावर उतरवून ठेवा.

मग काम सुरू झालं. मागचं झाकण काढल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. बॅटरी फुगलेली नाही ना, हे बोटानं दाबून न बघता आडव्या नजरेनं बघितलं. मग एसएसडीचा, म्हणजे फायली साठवणाऱ्या डिस्कचा, एकच स्क्रू काढून ती बाहेर घेतली आणि माझ्याच हातात दिली. “ही तुमच्याजवळ ठेवा. पानं हिच्यात आहेत, बोर्डात नाहीत.” जीव भांड्यात पडला. घाई असेल तर ती यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या मशीनवर उघडता येते, की तुमच्याकडे आहेच, असंही सांगितलं. डबी त्यांच्याकडेच मिळते.

बोर्ड बाहेर आल्यावर चार्जरऐवजी टेबलावरचा डीसी सप्लाय लावला. त्याला दोन आकडे दिसतात, एक व्होल्टचा आणि एक अँपिअरचा, आणि करंटला मर्यादा घालून ठेवता येते. १९ व्होल्ट लावून एक अँपिअरची मर्यादा ठेवली. जोडल्याबरोबर अँपिअरचा आकडा मर्यादेला जाऊन भिडला आणि व्होल्ट शून्याजवळ कोसळले. शॉर्ट असल्याचा हा पुरावा. दादांनी लगेच सप्लाय काढला आणि मल्टिमीटर हातात घेतला.

इथून पुढचं मी खुर्ची ओढून बघितलं, आणि त्यांनीही काही लपवलं नाही. चार्जरची वीज जॅकमधून येते, दोन मॉस्फेट (विजेचे इलेक्ट्रॉनिक स्विच) ओलांडते आणि मग मेन लाइनवर जाते. त्या लाइनवरूनच पुढे तीन आणि पाच व्होल्टचा सप्लाय, रॅमचा, प्रोसेसरचा असे सगळे फाटे फुटतात. मीटरचं काळं टोक ग्राउंडला धरून लाल टोक आधी जॅकवर लावलं, तिथे शॉर्ट नव्हता. मॉस्फेटच्या पलीकडे लावलं, तर अर्ध्या ओहमच्याही खाली. म्हणजे बिघाड मेन लाइनवर. या लाइनवर बारके सिरॅमिक कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) ठिकठिकाणी लावलेले असतात आणि ते सगळे एकमेकांना समांतर. एक शॉर्ट झाला की मीटर सगळ्यांवर शॉर्टच दाखवतो. दादा म्हणाले, “अख्ख्या चाळीला पाण्याची एकच लाइन आहे आणि एका घरातला नळ तुटलाय. प्रेशर सगळ्यांचंच गेलंय. आता कुठल्या घरात ते शोधायचं.”

शोधण्याआधी त्यांनी प्रोसेसरच्या कॉइलवर मीटर लावला. तिथे दोनेक ओहम आले. मी दचकले, पण प्रोसेसरच्या लाइनवर ओहम मुळातच इतके कमी असतात. नवखा कारागीर यालाच शॉर्ट समजतो आणि ‘प्रोसेसर गेला’ म्हणून मोकळा होतो. खरी भीती वेगळीच होती. मेन लाइन आणि प्रोसेसर यांच्यामध्ये जे मॉस्फेट असतात त्यातला एखादा आरपार शॉर्ट झाला असेल तर १९ व्होल्ट थेट प्रोसेसरवर जातात, आणि प्रोसेसर चालतो एक व्होल्टच्या आसपास. तसं झालं असेल तर खेळ खलास. ते मॉस्फेट एकेक करून तपासले. सगळे ठीक निघाले. तरीही पुढे वीज सोडताना एक व्होल्टच्या वर जायचं नाही हा या दुकानाचा नियम आहे, कारण तपासणीत काही नजरेतून सुटलं तरी प्रोसेसरला इजा होऊ नये.

सप्लाय एक व्होल्टवर आणून करंट तीन अँपिअरपर्यंत वाढवला आणि त्याच्या वायरी मेन लाइनला लावल्या. शॉर्ट झालेल्या भागातूनच सगळा करंट जातो, त्यामुळे तो तापतो. हे तापणं बघायला थर्मल कॅमेरा वापरतात, तो त्यांच्याकडे आहे, पण त्या मुलीनं आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली घेतली. ब्रशनं बोर्डाच्या त्या भागावर अल्कोहोल पसरवलं आणि मायक्रोस्कोपची स्क्रीन माझ्याकडे वळवली. सगळीकडे ओलसर चकाकी. दोन क्षणांत चार्जिंगच्या आयसीजवळ एका तपकिरी ठोकळ्याभोवतीची चकाकी कडेनं मागे सरकायला लागली आणि तेवढाच भाग कोरडा ठक्क पडला. बाजूचे तसेच ठोकळे अजून ओले होते. “हा,” ती म्हणाली. खात्रीसाठी तिनं पुन्हा अल्कोहोल लावलं. पुन्हा तिथूनच वाळलं. माशी नेमकी कुठे शिंकली ते आता मला माझ्या डोळ्यांनी दिसत होतं.

गरम हवा मारून तिनं तो कपॅसिटर चिमट्यानं उचलला. लांबीला दोन मिलिमीटर. खाली तांब्याच्या दोन चकत्या तेवढ्या उरल्या. मीटर लावला तर मेन लाइन थेट किलोओहममध्ये, म्हणजे शॉर्ट गेला. पुन्हा १९ व्होल्ट दिले, सप्लायवर ०.०२ अँपिअर आले. मशीन झोपेत असताना असायला हवं तेवढं. बटण दाबलं. ०.३, ०.६, १.१, परत खाली, परत वर. “आकडा असा नाचायला लागला की प्रोसेसर जागा झाला समजायचं,” दादा म्हणाले. अडकलेला बोर्ड एकाच आकड्यावर थांबून राहतो.

बरेच कारागीर एवढ्यावर थांबतात. त्या लाइनवर कपॅसिटर पुष्कळ असल्यामुळे एक कमी असला तरी मशीन चालतं. इथे तसं करत नाहीत. मुलीनं दुसऱ्या बोर्डावरून तेवढ्याच मापाचा कपॅसिटर काढला, २५ व्होल्ट सोसणारा आहे याची खात्री केली आणि बसवला. १९ व्होल्टच्या लाइनवर १६ व्होल्टचा भाग बसवला तर तो आज ना उद्या पुन्हा शॉर्ट होणार, हे तिनं मला सांगितलं. मला त्या मुलीचं फार कौतुक वाटलं. इतकं स्थिर हातानं आणि इतकं नीट समजावत काम करणारी माणसं मोठमोठ्या सेवा केंद्रांत काउंटरमागे का दिसत नाहीत, याचं मनापासून वाईटही वाटलं.

कपॅसिटर का गेला असेल? दादांनी ठाम उत्तर दिलं नाही, आणि ते मला आवडलं. सिरॅमिक कपॅसिटरला बोर्ड वाकल्यानं, आपटल्यानं किंवा उष्णतेच्या चढउतारानं केसाएवढी चीर जाऊ शकते आणि मग तो आतून शॉर्ट होतो. तुमच्या मशीनमध्ये यातलं काय झालं हे कळणार नाही, असं ते सरळ म्हणाले.

पैसे सांगते. तपासणीचे ३५० रुपये, दुरुस्ती केली तर ते बिलात वळते करतात. माझं सगळं मिळून बिल २,२०० रुपये झालं. त्यावर ‘१९ व्होल्ट मेन लाइन शॉर्ट, कपॅसिटर बदलला, पंखा साफ, पेस्ट बदलली’ असं लिहिलेलं होतं आणि काढलेला कपॅसिटर छोट्या पिशवीत घालून बिलाला स्टेपल केला होता. बिलावर बिघाड लिहून देणारं दुसरं दुकान मला ठाऊक नाही. हे सगळीकडे व्हायला हवं. अंक वेळेवर प्रेसला गेला, मशीन तेव्हापासून विनातक्रार चालतंय, याच मशीनवर हे लिहितेय.

तिथे बसले असताना इतरांचंही पाहिलं. एका कॉलेजच्या मुलाचा लॅपटॉप चालू व्हायचा, पण स्क्रीन काळी. दादांनी कॅप्स लॉक दाबला, दिवा लागला-विझला, म्हणजे आत मशीन जिवंत आहे. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून स्क्रीनवर पाडला तर अंधुक आयकॉन दिसले, बॅकलाइट गेलेला. बाहेरचा मॉनिटर जोडून खात्री केली. त्या मुलाला बाहेर कुणीतरी ग्राफिक्सची चिप तापवून बसवायला सांगितलं होतं. चिपला गरम हवा मारून मशीन काही दिवस चालतं आणि पुन्हा मरतं, त्यामुळे ते काम आम्ही करतच नाही, असं दादा म्हणाले.

एका बाईंच्या मशीनवर चहा सांडला होता आणि त्यांनी ते तांदळात पुरून आणलं होतं. तांदळानं बोर्डावरची साखर आणि दूध जात नाही, गंज मात्र चढत राहतो. सांडल्याबरोबर चार्जर काढायचा, बटण दाबून मशीन बंद करायचं, पुन्हा चालू करून बघायचं नाही आणि ज्याला झाकण उघडता येतं त्याच्याकडून बॅटरी सोडवून घ्यायची, हे दादांनी त्या बाईंना न रागावता समजावलं.

एका गृहस्थांना त्यांनी चक्क नाही म्हटलं. त्यांच्या बोर्डावर तो मघाचा भीतीचा प्रकार झाला होता, मॉस्फेट शॉर्ट होऊन प्रोसेसरपर्यंत १९ व्होल्ट गेले होते. “काका, यात पैसे घालू नका,” म्हणाले, तपासणीचे ३५० घेतले आणि एसएसडी काढून हातात ठेवली. त्या काकांचा चेहरा पडला होता, तरी जाताना ते हात जोडून गेले.

आता अडचणी. वेळ हे दुकान पाळत नाही, किंवा खरं म्हणजे वेळ देतच नाही. शॉर्टचं काम समोर झालं, पण बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) चिप पुन्हा लिहायची असेल किंवा एखादा आयसी मागवायचा असेल तर थांबावं लागतं आणि फोन केला तर “झालं की कळवतो” एवढंच उत्तर मिळतं. मुदतीवर काम करणाऱ्यांना हे जड जातं. दुरुस्तीची हमी तीन महिने, तीही त्याच बिघाडाला. जिना उंच आणि अंधारा आहे, वयस्कर माणसांनी एकट्यानं जाऊ नये. बसायला दोनच खुर्च्या. मशीन कुरिअरनं पाठवलेलं घेत नाहीत. माझ्या मते हमी सहा महिन्यांची हवी आणि काम कुठवर आलं याचा दिवसातून एक मेसेज तरी यायला हवा. हे मी त्यांना तोंडावरही सांगितलंय.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. दुरुस्ती करताना दादांच्या संगणकावर माझ्या बोर्डाचा नकाशा उघडा होता, त्यात कुठला कपॅसिटर कुठल्या लाइनवर ते दिसतं. हे नकाशे कंपन्या देत नाहीत, कारागीर एकमेकांकडून मिळवतात, आणि एखाद्या मॉडेलचा मिळाला नाही तर अंदाजानं काम करावं लागतं. जुन्या व्हॉल्वच्या रेडिओंच्या पेटीत आतून सर्किटचा कागद चिकटवलेला असायचा, माझ्या आजोबांच्या रेडिओत तो होता. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ च्या डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’चं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं घेतली. पाऊल चांगलं आहे. पण ग्राहकाला सेवा केंद्राचा पत्ता आणि हमीची माहिती मिळण्यावर ते थांबू नये. बोर्डाचा नकाशा आणि सुटा आयसी या दोन गोष्टी तापकीर गल्लीतल्या टेबलापर्यंत रीतसर पोचल्या, तर कचऱ्यात जाणारी कितीतरी मशीनं पुन्हा चालतील.

जायचं असेल तर गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही. मंडई मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. रविवारी बंद. सकाळी अकराला उघडतं, दुपारी दोन ते चार जेवणाची सुट्टी, आणि संध्याकाळी सहानंतर गर्दी फार होते, त्यामुळे अकरालाच गाठा. स्वतःचा चार्जर बरोबर न्या, कारण निम्मं निदान त्याच्या दिव्यावरून होतं. बिटलॉकरची की लिहून न्या. आणि बंद पडताना नेमकं काय दिसलं, काय ऐकू आलं, पिन घातल्यावर काय झालं, हे आठवून जा. दादा मशीन उघडायच्या आधी तेच विचारतात.